कारंज्याची ओटी

माझा धंदा कारंज्यांचा. सांगलीत माझं छोटंसं वर्कशॉप आहे. तिथे पितळेच्या तोट्या कातून आम्ही बागांची, दवाखान्यांची, हौशी बंगलेवाल्यांची कारंजी करतो. धंदा सांगितला की समोरचा माणूस लगेच आपापलं कारंजं काढतो. माझे वडील 'फाउंटन' म्हटलं की खिशाला हात लावायचे, कारण त्यांच्या लेखी फाउंटन म्हणजे शाईचं पेन आणि शर्टावरचा निळा डाग. मुंबईचा मेहुणा म्हणतो, फाउंटन म्हणजे बस बदलायची जागा. गल्लीतल्या पोरांना दिवाळीच्या भुईनळ्यापलीकडे कारंजं ठाऊक नाही. आणि माझी बायको सुलभा चारचौघांत सांगते, कारंजं म्हणजे आमच्या ह्यांचं तोंड, एकदा सुरू झालं की बंद करायचं बटण सापडत नाही.

नाशिकला जाऊन आल्यापासून या शब्दाला माझ्यापुरता आणखी एक अर्थ चिकटला आहे. तो एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हा खटाटोप.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. लग्नं हॉलमधून निघून 'लॉन्स'वर जायला लागली होती आणि प्रत्येक लॉन्सवर एक कारंजं असायलाच हवं असा नवा शास्त्रार्थ निघाला होता. वैशाखात एके दिवशी मला नाशिकहून फोन आला. महादूभाऊ नावाचे शेतकरी बोलत होते. मखमलाबादच्या बाजूला त्यांचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा. कधी तरी एका द्राक्षवाल्या नातेवाइकासोबत तासगावला आले असताना माझं एक कारंजं त्यांच्या पाहण्यात आलं होतं.

"शेठ, पोरीचं लगीन हाय. मळ्यातच मांडव टाकू राह्यलो. तुमचं ते पाणी उडवायचं घेऊन या. नवरदेवाकडचे शहरातले हायेत, नाव ठेवायला जागा नाय पाहिजे."

सुलभा माझ्या शेजारीच उभी होती. तिने मनातल्या मनात त्र्यंबकेश्वर गाठलंसुद्धा. तोट्यांची पेटी मी भरली आणि तिने तिची बॅग माझ्याआधी भरली.

रविवार कारंजा

महादूभाऊंनी सांगितलं होतं, रविवार कारंज्यावर उतरा, घ्यायला येतो. मी हरखून गेलो. ज्या गावात कारंजं हा पत्ता असतो, त्या गावात माझ्यासारख्याची कदर होणारच! सुलभाला म्हटलं, आपल्याकडे चौकांना मारुतीची नावं, नाही तर पुढाऱ्यांची. इथे बघ.

रिक्षातून उतरलो तर भोवती रिक्षा, केळ्यांच्या गाड्या, हापूसच्या पेट्या, मोगऱ्याचे गजरे आणि हॉर्न. पाणी कुठे दिसेना. एका केळीवाल्याला विचारलं, "कारंजा कुठं आहे हो?"

"त्याच्यावरच तर उभे हायेत तुम्ही."

"पण पाणी?"

त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं. "पाणी प्यायचं का? मग समोरच्या हॉटेलात जा ना."

असेल बिचारं गर्दीत कुठे तरी. नदीपलीकडे पंचवटी कारंजाही आहे असं त्याच माणसाकडून कळलं, आणि तिथेही उतरायचं असतं, बघायचं नसतं, हेही कळलं. सुलभा पदर तोंडाला लावून हसत होती.

समोरच्या हॉटेलात शिरलोच होतो तर मिसळ मागवली. आमच्या भागातला माणूस मिसळीच्या बाबतीत फार ताठ असतो. कोल्हापूर-सांगलीच्या बाहेर मिसळ मिळते हेच आम्हाला मान्य नाही. इथे मिसळीबरोबर भाजलेला पापड आला, वाटीभर दही आलं. आजाऱ्याला पथ्य देतात तसं हे दही पाहून मी नाक मुरडलं आणि रश्शाची लाल तर्री सगळीच्या सगळी वाटीत ओतून घेतली. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, तिसऱ्याला ठसका. दही पुढे सरकवत सुलभा म्हणाली, "घ्या, हे पाहा रविवारचं कारंजं." तेवढ्यात महादूभाऊ टेम्पो घेऊन आले. टोपी, पांढरा सदरा, दोन्ही हात जोडलेले. त्यांनी पहिल्यांदा जे पाहिलं ते माझं वाहणारं नाक.

मळा

मळा पाहिला आणि तिखट विसरलो. एका बाजूला कोथिंबीर-मेथीचे वाफे, पलीकडे गलांडा, झेंडू, आणि विहिरीच्या अंगाला मोगरा. आमच्याकडे नजर जाईल तिथवर ऊस. उसाला वास नसतो असं मला त्या दिवशी प्रथमच जाणवलं. मांडवाच्या जागेपुढे गोल हौद आधीच बांधून तयार होता, पण त्याच्या काठावर एक बाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. उंच, काटक, पदर खोचलेला.

"ही आमची आक्का," महादूभाऊ जरा दबक्या आवाजात म्हणाले. म्हणजे त्यांची थोरली बहीण. बाकी सगळ्यांची ठकूआत्या.

"तुम्हीच का ते पाणी फेकणारे?" आत्यांनी मलाच विचारलं. "वैशाखात? मोगरा माना टाकू राह्यला, आन तुम्ही पाणी वर उडवून वाऱ्याला देणार?"

मी तोंड उघडायच्या आत महादूभाऊ भाजी पाहायला निघून गेले. घरातला पुरुष असा ऐनवेळी भाजी पाहायला जातो, हे मात्र सांगलीत आणि नाशिकमध्ये अगदी सारखं आहे.

मी वाद घातला नाही. पंप बसवला, तोटी चढवली, हौदात विहिरीचं पाणी सोडलं आणि बटण दाबलं. पाणी वर गेलं, छत्रीसारखं उघडलं आणि हौदातच पडलं. आत्या पाहत राहिल्या. मग त्यांनी एक झेंडू तोडून हौदात टाकला आणि काठावर बसल्या. झेंडू गोल गोल फिरत राहिला. पाण्याची पातळी फारशी हलली नाही.

"म्हंजी फिरून फिरून तेच पाणी?"

"तेच. थोडंफार उडेल, तेवढंच."

"आन लगीन झाल्यावर?"

"तुमच्या मोगऱ्याला सोडा."

"मग चालंल," त्या म्हणाल्या, आणि जाता जाता वळून म्हणाल्या, "लय वर नका नेऊ. पोरीचं डोकं भिजंल."

त्या पोरीची, म्हणजे नवरी सविताची, आणि सुलभाची तोवर गट्टी जमली होती. संध्याकाळी मोगऱ्याच्या कळ्या खुडता खुडता सवितानेच आम्हा दोघांना सगळं सांगितलं. सविताची आई ती रांगत असतानाच गेली. आत्या त्याआधीच विधवा होऊन माहेरी आलेल्या. त्यांनीच तिला वाढवलं. पहाटे फुलांची पाटी घेऊन गोदाकाठच्या फुलबाजारात जायच्या तेव्हा ही पाटीशेजारी झोपलेली असायची.

"लॉन्सवर लगीन केलं असतं तर आत्या आलीच नसती," सविता म्हणाली. "कुणाच्याच मांडवात नाय जात ती. हार करून देते, वेण्या करून देते, आन अक्षता पडायच्या टायमाला कुठं तरी गायब. म्हणून मीच हट्ट केला, लगीन मळ्यात. तिच्याच मोगऱ्याशेजारी मांडव घातल्यावर जाईल कुठं?"

"मग येणार ना?" सुलभाने विचारलं.

सविताने मान हलवली. "म्हणते, मी मळ्यातच हाय ना, तिथूनच बघेन. समोर नाय यायची, ओटी नाय भरायची. मला जगाच्या अक्षता नकोत हो काकू. तिची एक मूठ पाहिजे."

हे ऐकून मला राग आला. उगाच सांगलीची शेखी मिरवत नाही, आमच्याकडेही हेच चालतं. दादा गेल्यावर माझ्या थोरल्या वहिनी पुतणीच्या लग्नात स्वयंपाकघरात पापड तळत बसल्या होत्या आणि आम्ही सगळे ते पापड खात होतो. पण दुसऱ्याच्या गावात गेलं की आपल्या घरातली गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. त्या रात्री भाकरी आणि वांग्याचं भरीत फार चवदार होतं, तरी माझं जेवणात लक्ष नव्हतं.

गंगाद्वार

दुसऱ्या दिवशी आम्ही त्र्यंबकला निघालो तेव्हा आत्यांनी सुलभाच्या हातात तांब्या दिला. "गंगाद्वाराचं पाणी आणा. नवी विहीर झाली का आम्ही तिच्यात गंगा सोडतो. तुमचा हौद बी नवाच हाय."

आत्यांनी हौदाला विहिरीच्या पंगतीला बसवलं होतं. मला तो धंद्याचा मोठा मान वाटला.

त्र्यंबकच्या वाटेवर एका ठिकाणी पाइपलाइनच्या व्हॉल्व्हमधून पाण्याची चिळकांडी उडत होती. खाली दोन ट्रक ड्रायव्हर अंघोळ करत होते आणि एक म्हैस आपल्या पाळीची वाट पाहत होती. आमचा रिक्षावाला म्हणाला, "हा आमचा फवारा. लय जुना हाय." द्राक्षाच्या मुलखात औषध मारायचं ते फवाऱ्याने, पिकाला पाणी द्यायचं ते फवाऱ्याने, त्यामुळे उडणारं पाणी म्हणजे फवारा. मी त्याला कारंजं आणि गळती यातला फरक समजावून सांगितला. तो सगळं ऐकून म्हणाला, "पण म्हशीला काय फरक पडतो?"

देवदर्शन झालं, कुशावर्तावर पाय धुतले आणि गंगाद्वाराच्या पायऱ्या चढायला लागलो. सुलभा भराभर पुढे, मी मागे धापा टाकत. वाटेत एका माकडाने माझ्या हातातली चिवड्याची पुडी इतक्या सहज घेतली की जणू मीच ती त्याच्यासाठी आणली होती. कठड्यावर बसून त्याने आधी शेंगदाणे निवडून खाल्ले. मी हात उगारला तर त्याने दात दाखवले. मी हात खाली घेतला. एवढी मोठी शरणागती मी आमच्या मुख्याध्यापकांपुढेही पत्करली नव्हती.

वर पोहोचलो. गोदावरी कशी उसळत येत असेल असं चित्र मी मनात बांधलं होतं. शेवटी कुणी तरी इतक्या मोठ्या नदीचा उगम म्हणतं तेव्हा माझ्यासारखा माणूस पाण्याची उंची मोजायच्या तयारीने जातो. तिथे दगडी गोमुखातून करंगळीएवढी धार पडत होती. कसली धार, ठिपकेच एकापाठोपाठ एक.

"एवढंच?" मी म्हणालो.

"हळू बोला," सुलभा दटावून म्हणाली. "ती ऐकेल."

तिथे बसलेले गुरुजी हसले. "वैशाख आहे. तांब्या ठेवा आणि बसा. भरेल."

बसलो. आमच्या मागे चांदवडकडचं एक कुटुंब रिकामी बाटली घेऊन उभं होतं, त्यांच्या मागे आणखी कुणी. एरवी रांगेत कोपर मारणारी आपण माणसं, पण तिथे कुणी घाई केली नाही. चांदवडच्या आजोबांनी कांद्याचा भाव सांगितला, सुलभाने भडंगाची कृती सांगितली. तांब्या भरला तेव्हा मला उठावंसं वाटेना. खाली उतरताना मी तांब्या दोन्ही हातांत धरला होता. माकड पुन्हा भेटलं, पण या वेळी त्याने वाट दिली.

संध्याकाळी आत्यांनी ते पाणी हौदात सोडलं, हात जोडले, आणि मला म्हणाल्या, "आता तुमचं कारंजं बाटलेलं नाय राह्यलं." बाटलेलं कधी होतं ते मी विचारलं नाही.

मांडव

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. सविताची इच्छा अशी की 'सावधान' म्हणून अंतरपाट सरकला की कारंजं वर जावं. मी सकाळीच सगळं पाहून घेतलं. हौदात एक नारळ तरंगत होता. कुणी तरी श्रद्धेने वाहिला असेल म्हणून मी तो काढून काठावर ठेवला आणि स्वतःच्या दक्षतेवर खूश झालो. तळाशी पाहायचं काही सुचलं नाही.

दुपारी पंगती बसल्या. बुंदी, मठ्ठा, वांग्याची भाजी. आग्रह असा की नाही म्हणणाऱ्याच्या पानात दुप्पट पडायचं. मी नवा सफारी घातला होता आणि जेवणानंतर त्याचं वरचं बटण सोडावं लागलं. नवरदेवाकडच्यांनी वेशीपासून भुईनळे उडवत मिरवणूक आणली. माझं कारंजं त्यापेक्षा उंच जाणार हे मी सुलभाला दोनदा सांगितलं.

उन्हं कलली. मांडव माणसांनी भरला. सगळ्यांच्या हातांत कुंकवाने लाल केलेल्या ज्वारीच्या अक्षता. कनातीच्या पलीकडे, मोगऱ्याच्या वाफ्यापाशी ठकूआत्या उभ्या होत्या. लांब, पण दिसतील अशा. सविता मुंडावळ्यांतून सारखी तिकडेच बघत होती. मंगलाष्टकं संपली, "शुभमंगल सावधान", वाजंत्री कडाडली, लाल अक्षता उडाल्या, आणि मी बटण दाबलं.

मोटर गुरगुरली. पाणी आलं नाही.

परत दाबलं. परत नुसतीच गुरगुर. वाजंत्री थांबली. लोक हौदाकडे बघायला लागले. नवरदेवाचा एक मामा मोठ्याने म्हणाला, "पाण्याला पत्रिका द्यायची राह्यली का हो?" सगळा मांडव हसला. महादूभाऊंचा चेहरा उतरला, आणि माझ्या कानशिलांतून वाफ निघाली. सांगलीहून इतक्या लांब येऊन मी यजमानाचं हसं केलं होतं. बूट काढले आणि नव्या सफारीसकट हौदात उतरलो.

पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तळाच्या टोकाला जाळीचा फूटव्हॉल्व्ह असतो. शेतकरी त्याला 'फुटबॉल' म्हणतात. त्याच्या जाळीला काही तरी गच्च गुंडाळलं होतं. मी ओढलं, निघेना. पाय रोवून हिसका दिला तशी जाळीच उपटून हातात आली आणि तिच्यासोबत एक हिरवागार खण.

"लावा!" मी ओरडलो. महादूभाऊंनी बटण दाबलं.

पाइप खोकला. एक झेंडूची पाकळी थुंकला. मग पाणी एकदम वर गेलं, हळदीसारखं पिवळट, आणि मोगऱ्याकडून आलेल्या झुळकेने अख्खंच्या अख्खं नवरा-नवरीवर कललं. पाण्याबरोबर टपटप काही तरी पडायला लागलं. मांडवाच्या कापडावर, टोप्यांवर, माइकवर.

"गारा!" कुणी तरी किंचाळलं.

द्राक्षवाल्यांच्या गावात हा शब्द उच्चारू नये. निम्मा मांडव उठून आभाळाकडे बघायला लागला. एक जण तर बागेकडे पळतसुद्धा सुटला. आभाळ स्वच्छ होतं. सविताने मुंडावळ्यांत अडकलेला एक दाणा चिमटीत धरला.

तांदूळ. हळद लावलेला, पिवळा. मांडवात सगळ्यांनी टाकलेल्या अक्षता लाल होत्या.

तिने माझ्या हातातल्या खणाकडे पाहिलं. "हा खण आत्यानं माझ्यासाठी घेतला होता. विचारलं तर म्हणायची, हरवला."

सगळ्यांच्या माना वळल्या. ठकूआत्या धावत कनातीपाशी आल्या होत्या, रडवेल्या. "मी केलं गं ते. पहाटे हौदाची ओटी भरली. नवं पाणी, कोरं कसं ठेवायचं? विहिरीची भरतो तशी भरली. तुझी नाय भरली गं. पाण्याचीच भरली."

विहिरीत ओटी टाकली की ती तळाशी जाते आणि कुणाला पुन्हा दिसत नाही. या पाण्याचा स्वभावच असा की तळाशी पडलेलं उचलून वर न्यायचं, हे त्या माउलीच्या ध्यानात आलं नव्हतं. हौदात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या मला आता हसावं की रडावं ते कळेना, आणि खरं सांगायचं तर मी रडतच होतो. चेहरा भिजलेला असल्यामुळे निभावून गेलं.

महादूभाऊंनी टोपी काढून हातात घेतली. "आक्का," ते म्हणाले, "तुझ्या अक्षता पडल्या. सगळ्या गावानं पाह्यलं. आता कशाला लांब उभी राहू राह्यली?"

आत्या जागच्या हलेनात. सविता गळ्यातल्या हारासकट पाटावरून उतरली आणि त्यांच्यापुढे पदर पसरून उभी राहिली. मी खण जाळीतून सोडवला, पिळला आणि सुलभाकडे दिला. तिने तो आत्यांच्या हातात कोंबला.

"टाका की आत्या! शालू भिजतोय पोरीचा!"

आत्यांनी आधी भावाकडे पाहिलं, मग मांडवाकडे. नवरदेवाची आजी पुढच्याच रांगेत होती, तिने सरकून शेजारी जागा केली. आत्यांनी तो फाटका, ओला खण सविताच्या पदरात टाकला. वर नारळ हवा म्हणून मी सकाळी काठावर ठेवलेला नारळ दिला. गुरुजी शहाणे होते. त्यांनी माइक झटकला, शेवटचं मंगलाष्टक पुन्हा सुरू केलं, आणि या वेळी 'सावधान'ला सगळ्यांत पुढे, सगळ्यांत मोठी मूठ ठकूआत्यांची होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तेव्हा हौदाभोवती चिमण्या दाणे टिपत होत्या आणि आत्या हौदाचं पाणी पाट काढून मोगऱ्याला सोडत होत्या. सुलभाची ओटी त्यांनी स्वतः भरली. मला म्हणाल्या, "तुमचं यंत्र जरा चहाडखोर हाय. पण चांगलं हाय."

त्यानंतर मी पुष्कळ कारंजी बसवली. पाणी सोडलं की बटण दाबण्याआधी सुलभा हौदात हळद लावलेले मूठभर तांदूळ टाकते. तोटी चोंदेल म्हणून मी ओरडतो, ती ऐकत नाही. जाळी मात्र मी आता मोठ्या भोकांची बसवतो.